कढीपत्ता कुठं अडतो

दसरा झाला की माझ्या ओसरीवर पुठ्ठ्याची खोकी येऊन बसतात. परदेशी पार्सलचा फॉर्म इंग्रजीत असतो, आणि आमच्या तळेगावात इंग्रजी फॉर्म म्हटलं की लोक अजून गुरुजींचं घर विचारतात. नोकरी सुटली, फॉर्म सुटले नाहीत. पूर्वी बँकेचे असायचे, आता पार्सलचे. नागपूर-अमरावती हायवेवरच्या या गावातली पोरं आधी पुण्याला गेली, मग बंगळुरूला, आणि आता काही घरांतून टेक्सास, लंडन, शारजा अशी नावं अगदी आर्वी-कारंजा म्हटल्यासारखी ऐकू येतात.

समोरच्या वहिनींचं खोकं टेक्सासला जायचं होतं, लेकीकडे. त्यांनी एकेक जिन्नस काढून चटईवर मांडला. चिवडा, चकल्या, अनारसे. कुरडया आणि सरगुंडे. जवसाची चटणी. आंब्याचं लोणचं काचेच्या बरणीत. संत्र्याची बर्फी, घरचं तूप. लक्ष्मीपूजनासाठी कापूर, फुलवाती आणि एक काडेपेटी. सगळ्यात शेवटी ओल्या फडक्यात गुंडाळलेली कढीपत्त्याची जुडी आणि बागेतली सहा संत्री, आंबिया बहाराची, अजून हिरवट.

"एवढं लिहून द्या जी, गुरुजी. कढीपत्ता तिले तिकडं सोन्याच्या भावानं भेटते म्हन्ते."

"वहिनी, बाकीचं पाहू. पण कढीपत्ता नाही जात. संत्रीही नाही."

"काऊन? पालाच तं हाय. कोनाचं काय करते तो?"

प्रश्न रास्त होता. बंदीच्या याद्या सगळीकडे मिळतात, पण यादी पाठ करून काही समजत नाही. ती देशागणिक वेगळी आणि दर काही महिन्यांनी बदलणारी. त्यापेक्षा पार्सल कुठल्या कुठल्या वेशीवर थांबतं आणि तिथला माणूस कशाला भितो, एवढं कळलं की निम्म्याहून जास्त यादी आपली आपल्याला सांगता येते.

वेशी चार. पहिली आपल्याच सरकारची: देशातून काय बाहेर जाऊ द्यायचं नाही हे ती पाहते. दुसरी पोस्टाची किंवा कुरियरची. तिसरी विमानाची. चौथी ज्या देशात पार्सल उतरतं तिथल्या कस्टमची, आणि तिच्या शेजारी बसलेल्या शेतकी खात्याची. लोकांना वाटतं सगळी अडवणूक पोस्टातला बाबू करतो. तो बिचारा बाकीच्या तिघांचे नियम वाचून दाखवत असतो. आपल्याकडून टपालानं जाणारं बरंचसं सामान मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाक भवनात कस्टमच्या नजरेखालून जातं, आणि खोकं उघडायचं ठरलं तर ते तिथं उघडलं जातं. तळेगावात त्यावर ठप्पा बसला म्हणजे सुटलं, असं धरून चालू नये.

कढीपत्ता अडतो तो चौथ्या वेशीवर, आणि त्याचं कारण वहिनींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. फक्त ते आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

वहिनींच्या घरी संत्र्याची बाग आहे. आष्टी, कारंजा, वरुड, मोर्शी हा सगळा संत्र्याचा पट्टा. डिंक्या, कोळशी आणि सायला ही रोग-किडींची नावं इथं पाहुण्यांच्या नावांसारखी घेतली जातात. सायला म्हणजे तीन-चार मिलिमीटरचा किडा, झाडाला नवती फुटली की कोवळ्या पानावर शेपूट वर करून बसणारा. तो रस शोषतो ते एक दुखणं. त्याहून वाईट म्हणजे तो एका झाडाचा ग्रीनिंग नावाचा रोग दुसऱ्या झाडाला नेऊन लावतो. ग्रीनिंग लागलेल्या झाडाची पानं ठिगळा-ठिगळांनी पिवळी पडतात, फळं लहान आणि वाकडी राहतात, खालच्या अंगाला हिरवीच. त्यावर औषध नाही. झाड हळूहळू जातं.

आता, कढीपत्ता आणि संत्रं ही एकाच कुळातली झाडं. बेलही त्याच कुळातला. सायलाला संत्र्याची नवती मिळाली नाही तर कढीपत्त्याचा कोवळा शेंडा चालतो. तिथं मादी अंडी घालते, पिल्लं तिथंच वाढतात. म्हणून तर बागेच्या बांधावर कढीपत्ता ठेवू नका, असं आपल्याकडेही संत्रा बागायतदारांना सांगतात.

"म्हंजे सायला?" वहिनींनी जुडी उचलून पानं उलटी करून पाहिली.

सायलाच. अमेरिकेत फ्लोरिडा हे संत्र्याचं मोठं राज्य. तिथं हा किडा पहिल्यांदा दिसला १९९८ मध्ये, ग्रीनिंग सापडलं २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात तिथं २४ कोटींच्या वर पेट्या संत्री निघाली होती. वीस वर्षांनी तो आकडा दोन कोटींच्याही खाली आला. वादळं आणि वाढती शहरं यांचाही त्यात हात आहे, पण मुख्य घाव ग्रीनिंगचा. कॅलिफोर्नियातले बागायतदार हे पाहून धास्तावले आणि तिथल्या शेतकी खात्यानं पार्सल हुंगणारी कुत्री ठेवली. २००९ च्या जुलैत फ्रेस्नो शहरात अशाच एका कुत्र्यानं भारतातून आलेल्या सामानातला कढीपत्ता शोधून काढला. पानांवर सायला होते, आणि तपासल्यावर त्यांतल्या काहींत ग्रीनिंगचे जंतू निघाले. कोण्या आईनं लेकराला फोडणीसाठी पाठवलेली जुडी असेल ती. फ्रेस्नोच्या आजूबाजूला मैलोन्‌मैल संत्र्याच्या बागा आहेत.

एवढं ऐकल्यावर वहिनींनी जुडी स्वतःच बाजूला ठेवली. वरुडच्या बाजारात कोणी रोगट कलमं आणून विकली तर त्याला गावात उभं करत नाहीत; तिकडच्या लोकांचंही तेच म्हणणं आहे. तिथल्या देशी दुकानांत कढीपत्ता मिळतो तो बहुतेक तिथंच पिकवलेला, म्हणून महाग.

चिवड्यातल्या कढीपत्त्याचं काय, असं पुढं सगळेच विचारतात. तेलात कुरकुरीत झालेल्या पानावर कुठलाही किडा जगत नाही, हे खरं. पण तपासणारा डब्यात हिरवं पान पाहतो आणि त्याच्यापुढे शंभर डबे असतात. मी तरी अमेरिका-ऑस्ट्रेलियाच्या चिवड्यात कढीपत्ता घालू नका असंच सांगतो. चव जरा उतरते, मान्य आहे.

ताजी फळं, बिया, कलमं, माती या सगळ्याला हाच न्याय. तुळशीचं बी, अंबाडीचं बी, शेताची चिमूटभर माती: भावनेच्या दृष्टीनं वजनदार आणि कस्टमच्या दृष्टीनं त्याहून वजनदार. बियांसाठी पीक-आरोग्याचा सरकारी दाखला लागतो, तो घरगुती पार्सलाला कोणी काढत बसत नाही. मातीचा विषयच नको. मग भारतातला आंबा अमेरिकेत कसा विकतात? तो वेगळ्या दारानं जातो. तिथं आपल्या आंब्याला जवळजवळ अठरा वर्षं मज्जाव होता. २००७ मध्ये दार उघडलं ते विकिरणाच्या अटीवर, आणि सुरुवातीचा आंबा नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रात विकिरण करून गेला. कंटेनरला जे जमतं ते खोक्याला जमत नाही, कारण कंटेनरच्या मागे दाखल्यांची चळत असते.

तूप आणि बर्फी यांच्यामागे जो रोग उभा आहे त्यालाही आपल्या गोठ्यात नाव आहे: लाळ्या-खुरकूत. तोंडाला फेस, खुरांत जखमा, जनावर उभं राहीना. आपल्याकडे लस टोचून आपण त्याच्यासोबत दिवस काढतो. ज्या देशांत तो नाही तिथं मात्र एका जनावराला लागला तरी आजूबाजूचे कळप मारावे लागतात. अमेरिकेत तो शेवटचा दिसला १९२९ मध्ये. ब्रिटनमध्ये २००१ साली आला तेव्हा साठ लाखांवर जनावरं मारली गेली. डुकरांना घातलेल्या उष्ट्या-खरकट्यातून तो शिरला आणि त्या खरकट्यात बाहेरून बेकायदा आलेलं मांस असावं, असा तिथल्या चौकशीचा कयास. हा विषाणू मांसात असतो तसा दुधातही उतरतो. तेव्हापासून 'भारतातून आलेलं दुधाचं काही' म्हटलं की ब्रिटन आणि युरोपातले अधिकारी पुढचं ऐकून घेत नाहीत. पेढा, बर्फी, रसगुल्ला, तूप, पनीर. तूप कढवलेलं असतं हो, असं सांगून उपयोग नाही. ऑस्ट्रेलियाचं शेतकी खातं तर राखी आणि दिवाळीच्या दिवसांत खास भारतीयांसाठी सूचना काढत आलं आहे: दुधाची मिठाई मागवू नका, आणि राखीत बिया, लाकूड, सुकी फुलं नकोत, रेशीम-प्लास्टिकची साधी राखी पाठवा.

गोवऱ्यांचीही तीच गत. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या एका बॅगेत दोन गोवऱ्या सापडल्या आणि त्या नष्ट करण्यात आल्या. बातमी इकडे हसण्यावारी गेली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. होमासाठी कोणी नेल्या असतील, पण शेण म्हणजे थेट गोठाच की.

वहिनींची बर्फी मी काढायला लावली ती मात्र नुसत्या नियमासाठी नाही. खव्याची वस्तू पंधरा-वीस दिवस प्लास्टिकमध्ये कोंडून ठेवली की टेक्सासला बर्फी पोहोचत नाही, बुरशी पोहोचते. तूप आणि लोणचं दुसऱ्या वेशीवर अडलं. पातळ आणि तेलकट वस्तू पाझरली की पोत्यातली बाकीची पार्सलं खराब होतात, म्हणून पोस्टवाले नाक मुरडतात आणि कुरियरवाले सरळ नाही म्हणतात. लोणचं पाठवायचंच असेल तर काचेची बरणी सोडा. तेल निथळून, जाड पिशवीत भरून, ती आणखी एका पिशवीत घालून दोन्हींची तोंडं सील करून घ्या. बाजारात सीलिंगचं मशीन असलेलं दुकान शोधा. मेणबत्तीवर पिशवी चिकटवण्याचे दिवस गेले.

अनारसे टेक्सासला खुशाल जातात. शारजाला जात नाहीत, आणि हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी पार्सलमधली ही सगळ्यात धोक्याची वस्तू आहे.

अनारशाला एका अंगाला खसखस लागते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. त्या दाण्यात नशा नसते, पण बोंडाच्या चिकाचा अंश त्याला लागलेला असू शकतो. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया यांच्या कायद्यात खसखस अमली पदार्थांच्या यादीत बसते. सिंगापुरातही तिला मनाई आहे. इथं प्रश्न डबा फेकून देण्यावर मिटत नाही, पार्सल ज्याच्या नावावर आलं त्याला पोलिसांपुढं उभं राहावं लागू शकतं. दिसणारी खसखस टाळता येते, न दिसणारी घात करते. आपल्या काळ्या मसाल्यात ती असते, सावजी मसाल्यात असते, कुटुंबागणिक कुठल्या कुठल्या रश्श्याच्या वाटणात असते. आखाती देशात मसाला पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो: कुटताना खसखस भाजली होती का? "थोडीशीच" हे उत्तर आलं की डबा परत.

औषधांचंही याच्या जवळपासचं प्रकरण. खोकल्याच्या औषधात कोडीन असतं, दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रामाडोल. आपल्याकडे ती चिठ्ठीवर मिळतात, आखातात त्यांच्यावर कडक नियंत्रण आहे. अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं खासगी माणसानं टपालानं मागवणं एरवी नियमात बसत नाही. काढे आणि भस्मं निरुपद्रवी म्हणून लोक बिनधास्त कोंबतात. २००४ च्या डिसेंबरात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता: बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. तेव्हापासून 'हर्बल पावडर' असा शब्द फॉर्मवर आला की तिकडच्या भुवया वर जातात. गोळ्या पार्सलात घालूच नयेत. पोरगं येईल तेव्हा चिठ्ठीसकट स्वतःच्या बॅगेतून नेईल, तेही तिथले नियम पाहून.

आता तिसरी वेस. इथं देश कुठला याला अर्थ नाही. विमान सगळ्यांचं सारखंच जळतं.

वहिनींच्या पूजेच्या पुडीत काडेपेटी होती, ती त्यांनी न सांगता काढली. कापूर काढायला सांगितला तेव्हा त्या थबकल्या. बाजारातला कापूर बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेला असतो, आणि धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याला स्वतःचा क्रमांक आहे, २७१७: पेट घेणारा घन पदार्थ. काडी लावल्याबरोबर भुर्रकन पेटतो म्हणून तर आपण त्याची आरती करतो. विमानाच्या पोटात नेमका तोच गुण नको असतो. सुक्या खोबऱ्याचं तर आश्चर्य वाटेल. त्याच यादीत खोबरं १३६३ क्रमांकावर आहे, आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालाच्या वर्गात. तेलकट खोबरं कोंदट जागी ढिगानं साठवलं की आतल्या आत तापतं. जुन्या किराणा दुकानदारांना हे विचारा, पोत्यात हात घालून ते सांगतील. चिवड्यातल्या चार कापांना कोणी अडवत नाही, पण ओटी भरायला म्हणून खोबऱ्याच्या वाट्या घालू नका.

अत्तर, सेंट, नेलपॉलिश, फवाऱ्याचे डबे, सॅनिटायझर, लायटर, फटाके: हे सगळं एका दमात नाही. आणि पॉवर बँक. पोरं इकडून जुना मोबाइल, पॉवर बँक, हेडफोन पाठवायला सांगतात. लिथियमची बॅटरी आतून बिघडली की तापत जाते, शेजारचीला तापवते, आणि ती आग नेहमीच्या उपायांनी लवकर आटोक्यात येत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेलं एक मालवाहू बोइंग ७४७ आग लागून कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेणं जगभर बंद झालं. आपलं टपाल बहुतांशी प्रवासी विमानांच्याच पोटात जातं. खेळण्यात, वाजणाऱ्या शुभेच्छापत्रात, एलईडीच्या पणतीत बारकी बॅटरी असते ती कोणाच्या लक्षात राहत नाही. एक्स-रे यंत्राच्या लक्षात राहते.

आपल्या सरकारची वेस लोक विसरतात, कारण आपल्याच घरातली वस्तू बाहेर पाठवायला आपल्यालाच मनाई असेल हे पटत नाही. मोराचं पीस घ्या. झडून पडलेलं, गोळा केलेलं, कृष्णाच्या मूर्तीला खोचलेलं. देशात बाळगायला हरकत नाही, देशाबाहेर पाठवायला बंदी. आजोबांची हस्तलिखित पोथी घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, नाणं, भांडं ही पुरावस्तू ठरू शकते. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ती मुदत पंचाहत्तर वर्षांची. पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू जुनी दिसते पण तशी नाही असं असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घ्यावा लागतो. नोटा, नाणी, सोनं-चांदी साध्या पार्सलात घालायची नाहीत. भाऊबीजेची ओवाळणी पाकिटातून जायचे दिवस संपले. उलट एक गंमत: जागतिक टपाल संघटना, जिच्यात भारत १८७६ पासून आहे, जिवंत प्राणी टपालानं पाठवू देत नाही, पण मधमाश्या, जळवा आणि रेशमाचे किडे यांना त्यातून सूट आहे. म्हणजे नियमाच्या कागदावर जळू जाऊ शकते, कापूर नाही.

खोक्यातून इतकं निघाल्यावर उरलेलं बरंच होतं. चिवडा, चकल्या, अनारसे, कुरडया, सरगुंडे, चटणी, वाती. मग फॉर्म.

बहुतेक पार्सलं वस्तूपायी अडत नाहीत, फॉर्मपायी अडतात, असं इतक्या वर्षांत माझं मत झालं आहे. लहान पाकिटाला सीएन २२ नावाची हिरवी चिठ्ठी, मोठ्या पार्सलाला सीएन २३. त्यावर वस्तू काय, किती नग, वजन किती, किंमत किती, कुठल्या देशात बनली आणि तिचा सहा आकडी जागतिक क्रमांक काय, एवढं भरायचं. लोक 'गिफ्ट' किंवा 'फूड आयटम' लिहून मोकळे होतात. पूर्वी चालायचं. २०२१ च्या सुरुवातीपासून अमेरिकेत आणि त्याच वर्षी मार्चपासून युरोपात ही माहिती विमानाच्या आधी संगणकातून पोहोचावी लागते. तिकडच्या माणसाला चिवडा शब्द कळत नाही, म्हणून मी 'चिवडा' लिहून पुढे 'फ्राइड फ्लॅटन्ड राइस स्नॅक' लिहितो. कुरडईला 'ड्राइड व्हीट स्नॅक, अनकुक्ड'. सरगुंड्यांना 'होममेड पास्ता' लिहिताना जरा जिवावर येतं, पण समजतं त्यांना.

किंमत शून्य लिहू नये. भेट असली तरी वस्तूला मोल असतं, आणि शून्य दिसलं की संशय येतो. खोटी कमी किंमतही नको. पार्सल हरवलं तर भरपाई त्याच आकड्यावर. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतची, युरोपात ४५ युरोपर्यंतची घरगुती भेट करातून सुटते. त्यापुढं गेलं तर कर घेणाऱ्याला भरावा लागतो, तेव्हा भेट कोणी कोणाला दिली हा प्रश्न पडतो.

'होममेड' हा शब्द अमेरिकेसाठी कामाचा आहे. खाण्याचं पार्सल येणार असेल तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला आधी कळवावं लागतं, हा २००२ च्या जैवदहशतवादविरोधी कायद्यातून आलेला नियम. पण घरात केलेलं आणि एका माणसानं दुसऱ्याला भेट म्हणून पाठवलेलं खाणं त्यातून वगळलं आहे. दुकानातून आणलेली चकचकीत पाकिटं वगळलेली नाहीत. म्हणजे कागदोपत्री वहिनींच्या चकल्या ब्रँडेड चकल्यांपेक्षा हलक्या. बचत गटाच्या बायांना माल विकायचा असेल तर मात्र हे सगळं लागू नाही. त्यांना निर्यातदाराचा क्रमांक, अन्न परवाना असं पुरतं काढावं लागतं. त्यासाठी टपाल खात्याची डाक घर निर्यात केंद्रं आहेत, तिथं जाऊन विचारावं.

अमेरिकेचं तरी एक सांगतो. तिकडचं आज आहे ते उद्या असेलच असं नाही. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी त्यांनी २०२५ च्या ऑगस्टअखेर काढून घेतली. कर कोणी, कुठं, कसा गोळा करायचा हेच ठरेना, म्हणून आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सलं थांबवली. १०० डॉलरपर्यंतच्या भेटी आधी चालू ठेवल्या, मग आठवड्याभरात त्याही बंद. राख्या होऊन गेल्या होत्या, दिवाळी तोंडावर. १५ ऑक्टोबरला टपाल पुन्हा सुरू झालं, कर इथंच बुकिंगच्या वेळी भरायची सोय करून. तेव्हा लक्ष्मीपूजनाला जेमतेम आठवडा उरला होता. त्या वर्षी चकल्या तुळशीच्या लग्नाला पोहोचल्या असतील तर नशीब. म्हणून पार्सल बांधायच्या आधी पोस्टात जाऊन 'त्या देशाचं चालू आहे का' एवढं विचारून येणं, हे दळण दळण्याआधी चक्की चालू आहे का बघण्यासारखं आहे. प्रत्येक छोट्या डाकघरात परदेशी पार्सल घेतातच असंही नाही. कधी आर्वी, कधी वर्धा गाठावं लागतं. जाताना आधारकार्डाची प्रत न्या आणि खोक्याला टेप घरून लावून नेऊ नका. आत काय आहे ते पाहायचा बुकिंगवाल्याला हक्क आहे, आणि दोन रुपयांचा टेप त्याच्यापुढं फाडताना आपलाच चेहरा पडतो.

खासगी कुरियरनं पाठवणार असाल तर चिवड्याचा हिशेब वेगळा करा. ते खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि पाच हजारांनी भागतात. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं म्हणजे ७.२ किलो. त्यात चिवडा भरला तर काट्यावर चार किलोही भरत नाही, पण पैसे सात किलोच्या वरचे. चकल्या आणि चटणीचं खोकं लहान करा, चिवड्याची कृती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. वहिनींना हे सांगून पाहिलं. ऐकलं नाही.

पत्ता शेवटी, पण हलक्यात घेऊ नये. घेणाऱ्याचा फोन नंबर हवाच, पाठवणाऱ्याचा पत्ताही पुरा हवा. नुसतं 'तळेगाव' लिहिलं तर परत आलेलं पार्सल तळेगाव दाभाड्यापासून तळेगाव दशासरापर्यंत कुठंही हिंडून येईल. आमच्याच जिल्ह्यात तळेगाव टालाटुलेही आहे. गावाच्या नावापुढं कंसात बसलेले श्यामजी पंत आमच्या टपालाची राखण करतात. पावतीवर तेरा अक्षरांचा क्रमांक असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची दोन अक्षरं. त्या आकड्यांतला नववा आधीच्या आठांवरून गणित करून काढलेला असतो, म्हणजे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर यंत्राला कळतं. तो क्रमांक मोबाइलवर घातला की खोकं कुठं आहे ते दिसतं. वहिनींची नात दिवसातून चारदा पाहते म्हणे.

शेवटचा चौकोन राहिला होता. पार्सल घेणाऱ्याला मिळालं नाही तर काय करायचं: पाठवणाऱ्याकडे परत, की सोडून द्यायचं. परत आणायचा खर्च पाठवणाऱ्यावर येऊ शकतो, हे मी सांगितलं. वहिनींनी क्षणभर चटईवरच्या चकल्यांकडे पाहिलं.

"परतच आना जी. फेकून कसं द्याचं?"

मी परतच्या चौकोनात खूण केली. वहिनींनी सही केली, कापराची पुडी पदराला बांधली, बर्फीचा डबा आणि तुपाची बरणी पिशवीत टाकली. कढीपत्त्याची जुडी हातात घेऊन पुन्हा एकदा पानं उलटी करून पाहिली, आणि उजेडात धरून आणखी एकदा.

"हे पहा बरं, गुरुजी. हाय एक."

शेंड्याच्या पानाखाली तीळभर करडा ठिपका होता, शेपूट वर करून बसलेला.